कुबड सत्तर पौंडांचे नव्हते

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत हॉलिवूडच्या मूकपटांतील चरित्र अभिनेता लॉन चेनी याच्यावर अर्धे पान लेख आला, याचा मनापासून आनंद झाला. मराठीत या माणसावर क्वचितच कोणी लिहिते. पण लेखातल्या चार मुख्य गोष्टी चुकीच्या आहेत आणि सोबतच्या छायाचित्राखालची ओळही चुकली आहे. रंगभूषा शिकणारी मुले असे लेख कापून वहीत चिकटवतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट कुबडाची. ‘द हंचबॅक ऑफ नोत्र दाम’ (१९२३) मध्ये चेनीने पाठीवर ७० पौंडांचे रबरी कुबड वागवले, असे लेखात आहे. ७० पौंड म्हणजे जवळपास ३२ किलो, सिमेंटच्या गोणीच्या दोनतृतीयांशाहून थोडेच कमी. हा आकडा युनिव्हर्सल स्टुडिओच्या प्रसिद्धी खात्याने पसरवला आणि शंभर वर्षे तो एका लेखातून दुसऱ्या लेखात उतरत आला आहे. प्रत्यक्षातले कुबड प्लास्टरचे होते आणि वजन १० ते २० पौंडांच्या दरम्यान होते. चेनीवर ज्यांनी कागदपत्रे तपासून काम केले आहे, त्यांनी हे केव्हाच दाखवून दिले आहे. पण कागदपत्रे बाजूला ठेवली तरी चित्रपट नीट पाहिला की शंका येते. चेनीचा क्वासिमोदो, म्हणजे चर्चचा कुबडा घंटावाला, वाकून चालतो, उड्या मारतो, घंटेवर लोंबकळतो. ३२ किलो पाठीला बांधले तर माणसाचा तोल मागे जाईल आणि तो सावरायला पावले जड पडतील. पडद्यावरची पावले हलकी आहेत. शिवाय चर्चच्या दर्शनी भिंतीवरून चढण्या-उतरण्याची धोक्याची कामे ज्यो बोनोमो या कसरतपटूने चेनीच्या जागी केली होती.

कमी वजनाचे कुबड वापरले म्हणून चेनी लहान होत नाही. उलट त्याचे खरे काम तिथेच दिसते. वजन नसताना ते आहे असे दाखवायचे, तर खांदा कुठे पाडायचा, मान किती पुढे काढायची, गुडघा कुठल्या पायरीवर दुमडायचा, हे सगळे ठरवावे लागते. दिवसभर अंगाला पट्टे आवळून हे करायचे आणि चेहऱ्याच्या रंगभूषेला रोज सकाळी तीन-साडेतीन तास द्यायचे. एवढे कष्ट खरे आहेत. त्यात ७० पौंडांची भर घालायची गरज नाही.

दुसरी गोष्ट डोळ्याची. ‘द रोड टू मँडले’ (१९२६) मधल्या आंधळ्या डोळ्यासाठी त्याने अंड्याच्या कवचाआतला पापुद्रा बुबुळावर लावला, असे लेख सांगतो. हे वाचून एखाद्या एकांकिकेच्या मुलाने करून पाहिले तर डोळा जाईल, म्हणून यावर जोर देतो. चेनीने डोळ्यांच्या तज्ज्ञाकडून पातळ काचेची वाटी बनवून घेतली होती. तिच्यावर पांढरा पडदा आल्यासारखा रंग दिलेला होता आणि ती डोळ्यावर थेट बसत असे. आजच्या रंगीत लेन्सची ती आजी म्हणायला हरकत नाही. अंड्याचा पापुद्रा ओलसर डोळ्यावर टिकणार नाही, पापणी मिटताच गोळा होईल आणि बुबुळाला जंतुसंसर्ग व्हायची भीती वेगळीच. रंगपटात बुबुळावर काही म्हणजे काही लावायचे नाही. लेन्स हवीच असेल तर ती डोळ्यांच्या डॉक्टरांनी मापाने दिलेली असावी.

तिसरी गोष्ट पायाची. ‘द अननोन’ (१९२७) मध्ये चेनीने पायाने सुऱ्या फेकल्या आणि सिगारेट पेटवली, असे लेखात आहे. ते पाय चेनीचे नव्हतेच. पॉल डेस्म्यूक नावाचा, दोन्ही हात नसलेला माणूस त्यासाठी घेतला होता. तो पायाने रोजची सगळी कामे करत असे. चौकटीत वर चेनीचा चेहरा आणि छाती, खालून येणारे पाय डेस्म्यूकचे. हे जुळवण्याची अडचण रंगभूषेची नाही, तालाची आहे. पायाने काडी ओढली की त्याच क्षणी चेहरा ज्योतीकडे वळायला हवा, धूर सोडायला मान मागे जायला हवी आणि पाय परत येईपर्यंत नजर दुसरीकडे रेंगाळायला हवी. दोन माणसांनी एकच शरीर व्हायचे. चेनीच्या नजरेत पायांकडे लक्ष दिल्याची खूण एकदाही सापडत नाही, आणि त्यामुळेच ते पाय त्याचे वाटतात.

याच चित्रपटात एक जागा आहे. चेनीने केलेल्या अलोन्झोला खरे तर हात आहेत, ते त्याने पट्ट्याखाली आवळून लपवले आहेत. खोलीत परके कोणी नाही, हात मोकळे आहेत, आणि तरीही तो विचारात गढलेला असताना पायानेच सिगारेट ओढतो. त्याचा साथीदार कोहो हे पाहून हसू लागतो. मग अलोन्झोच्या लक्षात येते. त्या क्षणी त्याच्या डोळ्यांत जो विचार उमटतो, तोच पुढे त्याला हात कापून घ्यायला नेतो. या प्रसंगात ना पुटी, ना टोप, ना खोटे दात.

चौथी चूक रबराच्या मुखवट्यांची आहे, आणि हा विषय रंगभूषेच्या मुलांच्या कामाचा असल्याने त्यावर जास्त शाई खर्च करतो. चेनी ‘रबराचे मुखवटे’ वापरत असे, असे लेखात म्हटले आहे. आज आपण ज्याला फोम लेटेक्स म्हणतो ते तेव्हा नव्हते. ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ (१९३९) च्या सुमारास ते हॉलिवूडमध्ये रुळले. चेनी १९३० मध्येच गेला. हा घोटाळा बहुधा ‘मॅन ऑफ अ थाउजंड फेसेस’ (१९५७) या चरित्रपटाने झाला असावा. त्यात जेम्स कॅग्नीने चेनीचे काम केले, पण तिथले क्वासिमोदो आणि फँटम रबराच्या तयार तुकड्यांनी केलेले आहेत आणि मुखवट्यासारखे जाड दिसतात. मूळ चित्रपटातला चेहरा हलतो. ओठाच्या कोपऱ्याबरोबर गाल हलतो. तो का हलतो, हे त्याच्या साहित्यात आहे.

त्याच्या पेटीत मुख्यतः ग्रीजपेंटच्या (तेलकट रंगाच्या) कांड्या, नोज पुटी (नाकाचा आकार बदलायचा मऊ लगदा), स्पिरिट गम (कातडीवर चिकटवायचा डिंक), क्रेपचे केस (खोट्या दाढी-मिशीसाठी), कापूस, कोलोडियन, फिश स्किन (पातळ पडदा) आणि गटापर्चा (झाडाच्या चिकापासूनचा, वाळून कडक होणारा पदार्थ) असे. आपल्या जुन्या नाटक मंडळींच्या रंगपटात सफेदा, पिवडी, हिंगूळ आणि काजळ असे, तसाच हा त्याचा पसारा. एकही वस्तू दुर्मीळ नाही. त्याची पेटी आज लॉस एंजेलिसच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये जपलेली आहे.

कोलोडियन म्हणजे नायट्रोसेल्युलोज ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवलेले औषधी द्रव्य. जखमेवर पापुद्रा धरावा म्हणून डॉक्टर ते वापरत. याचे दोन प्रकार. एक लवचिक, त्यात एरंडेल असते, ते वाळल्यावर कातडीबरोबर वाकते. दुसरे कडक, ते वाळताना आकसते आणि कातडी आत ओढते, म्हणून व्रण दाखवायला उत्तम. दोन्हींत गल्लत झाली की काम बिघडते. गालाचे हाड उचलायला कडक प्रकार वापरला तर बोलताना कडा उचकटतात आणि गाल चुण्या पडल्यासारखा दिसतो. व्रणाला लवचिक वापरला तर व्रण खोल जातच नाही.

गालाचे हाड उचलायची रीत अशी. प्रथम त्या जागची कातडी स्पिरिटने पुसून तेल काढायचे आणि पूर्ण कोरडी होऊ द्यायची. स्पिरिट गमचा पातळ हात द्यायचा आणि बोटाला चिकटू लागेपर्यंत थांबायचे. ओल्या गमवर कापूस लावला की तो सरकतो. कापूस नीट पिंजून घ्यायचा, मध्ये थोडा दाट, कडेला केसाएवढा विरळ. तो दाबून बसवला की वरून कोलोडियनचा एक हात. तो पूर्ण वाळला की पुन्हा कापसाचा विरळ थर आणि पुन्हा कोलोडियन. तीन-चार पातळ थर एका जाड थरापेक्षा कितीतरी बरे. जाड थर वरून वाळतो आणि आत ओला राहतो, मग दिव्यांच्या उष्णतेने फुगून बुडबुडे येतात. शेवटी कडा कातडीत मिसळून ग्रीजपेंट आणि भरपूर पावडर. कोलोडियनला चकाकी असते आणि पावडर कमी पडली तर गालावर दिवा चमकून सगळे उघडे पडते. घाम आला तर आतून सुटते. डोळ्यांच्या जवळ हे द्रव्य नेऊच नये, कारण ईथरची वाफ झोंबते. हे ज्वालाग्राही आहे, तेव्हा रंगपटात विडी-सिगारेट आणि उघडी ज्योत नको. आणि काढताना ओढून काढू नये. द्रावणाने भिजवून सैल करून काढावे, नाहीतर कातडीचा वरचा पदर बरोबर येतो. रोज त्याच जागी लावायचे असेल तर दुसऱ्या आठवड्यात कातडी सोलवटतेच, काहीही करा. चेनीच्या हालांचा हा भाग खरा आहे.

कडक साचा नसून कापूस आणि पापुद्रा असल्यामुळे हा गाल खऱ्या स्नायूंबरोबर हलतो. किंमत मात्र एवढी की संध्याकाळी काढला की तो संपला. दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून. चित्रपट क्रमाने चित्रित होत नाही. दारातून आत येतानाचा भाग सोमवारी आणि खुर्चीत बसल्याचा शुक्रवारी झाला, तर दोन्ही दिवशी गालाची उंची सारखीच हवी, नाहीतर जोडकामात चेहरा उडी मारतो. चेनी हे सगळे स्वतः, आरशासमोर, स्वतःच्या चेहऱ्यावर करत असे. ‘हंचबॅक’सारख्या महिनोन्महिने चाललेल्या चित्रणात त्याचा गाल कुठे उडी मारताना दिसत नाही. माझ्या मते ७० पौंडांपेक्षा हे कितीतरी मोठे काम आहे.

आता ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’ (१९२५). नाक कापल्यासारखे दिसावे म्हणून त्याने फिश स्किन हा पापुद्र्यासारखा पातळ, जवळजवळ पारदर्शक पडदा वापरला. त्याची पट्टी नाकाच्या शेंड्याला स्पिरिट गमने चिकटवायची, वर ओढायची आणि नाकाच्या मुळाशी पक्की करून पुटी व रंगाने झाकायची. नाक वर खेचले जाते, नाकपुड्या पुढून दिसू लागतात आणि त्यांच्या आत गडद रंग भरला की कवटीची भोके दिसतात. काही चित्रणांत त्याने तारही वापरली. छायाचित्रणकार चार्ल्स व्हॅन एन्जर याने पुढे सांगितले आहे की तारेने कधीकधी रक्त येत असे. तेव्हा त्याला वेदना झाल्याच नाहीत असे माझे म्हणणे नाही. वेदना हे त्याचे साधन नव्हते, एवढेच म्हणणे आहे. बाकी चेहऱ्याची रीत सांगायची तर गालाची हाडे वर सांगितल्याप्रमाणे कापूस-कोलोडियनची, कान मागे चिकटवलेले, कपाळ उंच करणारा टकलाचा टोप आणि त्यावर विरळ बटा, डोळ्यांखाली गडद रंग आणि खाली उजेडाची पांढरी रेष, तोंडात खोटे दात आणि ओठांचे कोपरे मागे ओढून धरणारे आधार.

मुखवटा निघतो तो प्रसंग दहा वेळा पाहावा. फँटम ऑर्गन वाजवतो आहे, क्रिस्टीन (मेरी फिल्बिन) त्याच्या पाठीमागे आहे. ती मागून हात पुढे करून मुखवटा ओढते. चेहरा आधी कॅमेऱ्याला, म्हणजे आपल्याला दिसतो. तिला तो अजून दिसलेलाच नाही. त्याचे तोंड उघडते, डोळे विस्फारतात, आणि मग तो तिच्याकडे वळतो. दोन दचके, एकामागून एक, एकाच चेहऱ्यावर. कोपऱ्यातले आधार तोंड उघडताना दाताबरोबर खाली येतात, म्हणून ते तोंड माणसाच्या तोंडापेक्षा जास्त उघडल्यासारखे वाटते. युनिव्हर्सलने चित्रपट लागेपर्यंत या चेहऱ्याचे एकही छायाचित्र बाहेर पडू दिले नव्हते.

या रंगभूषेमागे आणखी एक गोष्ट आहे, जी आपल्या लेखात अजिबात आली नाही. ती म्हणजे फिल्म. १९२६-२७ पर्यंत सर्रास वापरली जाणारी फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक होती. तिला निळा आणि हिरवा प्रकाश दिसे, लाल दिसत नसे. लाल रंग तिच्यावर काळा उमटे, निळे डोळे पांढुरके दिसत. स्टुडिओत पाऱ्याच्या वाफेचे दिवे असत, त्यांच्या उजेडात तांबडा भाग जवळजवळ नसतोच, त्यामुळे हा परिणाम आणखी वाढे. गालावर लाली लावली तर पडद्यावर खड्डा दिसे. नटाला हे माहीत नसेल तर सुंदर चेहरा आजारी दिसतो. चेनीला ते पाठ होते, आणि खड्डा हवा असेल तिथे तो तांबूस गडद रंगाने पाडता येत असे. आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) आला तेव्हाही लाल रंगाला आंधळी असलेलीच फिल्म वापरात होती. तारामतीचे काम करणाऱ्या अण्णा साळुंख्यांच्या कपाळी लाल कुंकू लावले असेल, तर ते पडद्यावर काळेच उमटणार. म्हणून जुन्या चित्रपटातील रंगभूषेचा रंग छायाचित्रावरून सांगू नये. आपल्या लेखात क्वासिमोदोचा चेहरा ‘मातकट तपकिरी’ म्हटला आहे, तो रंग कुठल्याच फिल्मवर नाही.

१९२७-२८ मध्ये पॅनक्रोमॅटिक फिल्म आणि तारेचे दिवे आले. ही फिल्म लालही पाहते. जुनी सगळी रंगगणिते कोसळली, अनेक नटांचे चेहरे एका वर्षात बदलल्यासारखे दिसू लागले. चेनीचे काम बिघडले नाही. १९२९ मध्ये एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाच्या चौदाव्या आवृत्तीत चित्रपटातील रंगभूषेची नोंद त्याच्या नावाने आली, यावरून त्याच्या ज्ञानाची पत कळते.

त्याची कारकीर्द थोडक्यात सांगतो, कारण लेखात सालांची सरमिसळ झाली आहे. जन्म १ एप्रिल १८८३, कोलोराडो स्प्रिंग्ज. आई-वडील दोघेही मूकबधिर. आईच्या वडिलांनी कोलोराडोत मूकबधिर मुलांची शाळा काढली होती. संधिवाताने आई अंथरुणाला खिळली, तेव्हा लहानगा लॉन शाळा सोडून घरी राहिला आणि बाहेर काय घडले ते हातवाऱ्यांनी आणि चेहऱ्याने तिला सांगू लागला. त्याचे शिक्षण इथेच झाले. ‘ही हू गेट्स स्लॅप्ड’ (१९२४) मध्ये त्याचे हात पाहा. बोटांना अर्थ आहे, नुसता नखरा नाही. पुढे फिरत्या संगीत नाटकांत नट, नर्तक, रंगमंच सांभाळणारा अशी सगळी कामे करून तो १९१३ च्या सुमारास युनिव्हर्सलमध्ये आला आणि पाच वर्षांत शंभरावर लहान-मोठ्या चित्रपटांत दिसला. त्यातले फार थोडे उरले आहेत. ‘द मिरॅकल मॅन’ (१९१९) मधल्या खोट्या पांगळ्याने, ज्याला फ्रॉग म्हणतात, त्याचे नाव झाले. तो चित्रपट आज काही मिनिटांच्या तुकड्यांपुरताच शिल्लक आहे.

‘द पेनल्टी’ (१९२०) मात्र पूर्ण पाहायला मिळतो. गुडघ्यापासून पाय नसलेल्या गुंडाचे ते काम. पोटऱ्या मागे दुमडून मांड्यांना पट्ट्यांनी बांधायच्या आणि गुडघे चामड्याच्या खोळीत घालून त्यांवर चालायचे. लांब सैल कोट घातला की मागचे पाय झाकतात. इथे वेळेची मर्यादा खरी होती. दुमडलेल्या पायाचे रक्त अडते, दहा-वीस मिनिटांनी बधिरपणा येतो आणि पट्टे सोडावेच लागतात. म्हणून प्रत्येक चित्रणाचा दिवा, कॅमेरा आणि इतर नट आधी तयार ठेवून मगच चेनीचे पाय बांधायचे. आजही एखाद्या नाटकात पाय दुमडून काम असेल तर हाच क्रम ठेवावा आणि पंधरा मिनिटांच्या वर प्रवेश नेऊ नये.

‘मिस्टर वू’ (१९२७) बद्दल लेखाने केलेले कौतुक मला पटते, पण अर्धेच. आजोबा वूची रंगभूषा हे कारागिरीचे शिखर आहे. गालांना कापूस-कोलोडियन, नाकपुड्या रुंदावायला सिगार होल्डरची टोके आत, डोळ्यांच्या कोपऱ्यांना फिश स्किनची ओढ, दाढी-मिशीला करडा क्रेप आणि लांब नखांसाठी रंगवलेल्या फिल्मच्या पट्ट्या. चार ते सहा तासांचे काम. पण त्याच चित्रपटात ॲना मे वाँग ही जन्माने चिनी वंशाची गुणी अभिनेत्री दुय्यम भूमिकेत आहे आणि वूच्या मुलीचे मुख्य काम रने आदोरे या फ्रेंच अभिनेत्रीकडे आहे. चिनी माणसाची भूमिका चिनी नटाला न देण्याची ती हॉलिवूडची रीत होती, आणि चेनीच्या हातातील कसब त्या रीतीच्या सेवेत होते. त्याचे कौतुक करताना हे सांगायला हवे.

उलट ‘टेल इट टू द मरीन्स’ (१९२६) मध्ये त्याने चेहऱ्याला जवळजवळ काहीच लावलेले नाही. एक करडा सार्जंट, आणि बस. एमजीएम या स्टुडिओसाठी केलेल्या त्याच्या चित्रपटांत हा चित्रपट अतिशय लोकप्रिय ठरला. अमेरिकेच्या मरीन दलाने त्याला मानद सदस्यत्व दिले, आणि त्याच्या अंत्ययात्रेत मरीन सैनिकांची मानवंदना होती. ज्याला ‘हजार चेहऱ्यांचा माणूस’ म्हणतात, त्याचा स्वतःचा चेहरा पाहायचा असेल तर हाच चित्रपट पाहावा. आपल्या लेखात याचे नावही नाही, ही मोठी उणीव वाटली.

तो बोलपटांना घाबरला, हेही खरे नाही. ‘द अनहोली थ्री’ त्याने १९२५ मध्ये मूक केला आणि १९३० मध्ये बोलता. बोलत्या चित्रपटात शब्दभ्रमकार, म्हातारी, बाहुला, पोपट आणि एक मुलगी, असे पाच आवाज त्याने स्वतः काढले, आणि स्टुडिओने त्याबद्दल नोटरीसमोर शपथपत्र करून छापले. पडद्यावरचा म्हातारीचा आवाज वरच्या पट्टीत जातो, पण वाक्याच्या शेवटी दमतो. तो दम म्हातारपणाचा आहे की आजारपणाचा, सांगवत नाही. त्याला फुप्फुसाचा कर्करोग झालेला होता. २६ ऑगस्ट १९३० रोजी, वयाच्या ४७ व्या वर्षी, रक्तस्रावाने तो गेला. नकली बर्फाचा कण घशात अडकून तो मेला, ही दंतकथा आपल्या लेखाने टाळली, याबद्दल आभार.

राहता राहिले छायाचित्र. उंच टोपी, विस्फारलेले डोळे आणि टोकदार दातांची रांग असलेला जो चेहरा ‘फँटम’ म्हणून छापला आहे, तो ‘लंडन आफ्टर मिडनाइट’ (१९२७) मधला आहे. डोळ्यांभोवती एकाक्ष चष्म्यासारखी तारेची कडी बसवून पापण्या ताणल्या आहेत आणि दात गटापर्चाचे आहेत. ते दात घालून बोलता येत नसे, जास्त वेळ घालताही येत नसत. या चित्रपटाची शेवटची ज्ञात प्रत एमजीएमच्या गोदामाला १९६५ मध्ये लागलेल्या आगीत जळाली. आता आहेत ती स्थिरचित्रे, आणि २००२ मध्ये ती जोडून केलेली एक मांडणी. म्हणजे हा चेहरा हलताना आज पाहता येत नाही. लेखात त्याच्या ‘थरारक हालचालीं’चे वर्णन आहे. ते कुठून घेतले, हे लेखकाने एकदा तपासावे. ‘राजा हरिश्चंद्र’चीही चारपैकी पहिली आणि शेवटची रिळेच पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात उरली आहेत. त्यामुळे जे उरले नाही त्याबद्दल लिहिताना किती सांभाळायला हवे, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

‘द अननोन’चे नशीब बरे. पॅरिसच्या सिनेमातेक फ्रान्सेझमध्ये त्याचे डबे होते, पण फ्रेंचमध्ये ‘अज्ञात’ असे लिहिलेले शेकडो डबे तिथे होते आणि खरोखर ओळख न पटलेल्या चित्रपटांत हे मिसळून गेले होते. ते डबे उघडल्यावर उलगडा झाला.

कोणाला हे चित्रपट पाहायचे असतील तर प्रतीकडे लक्ष द्यावे. ‘हंचबॅक’ची ३५ मि.मी. प्रत कुठेच शिल्लक नाही. आज दिसते ते सगळे १६ मि.मी.च्या लहान प्रतींवरून केलेले आहे, म्हणून तिथे रंगभूषेच्या कडा शोधू नयेत, त्या प्रतीतच पुसट आहेत. ‘फँटम’ची स्वच्छ दिसणारी प्रत ही १९२९ च्या सुमारास पुन्हा जोडलेली आहे. १९२५ ची मूळ मांडणी फक्त १६ मि.मी.च्या घरगुती प्रतींत मिळते. रंगभूषा पाहायची तर १९२९ ची घ्यावी, कथेचा मूळ ओघ पाहायचा तर १९२५ ची. आणि ‘द पेनल्टी’पासून सुरुवात केली तर सर्वांत बरे.

आपल्या आंतरजालावरील आवृत्तीत छायाचित्राखालची ओळ, कुबडाचे वजन आणि विशेषतः अंड्याच्या पापुद्र्याचे वाक्य दुरुस्त करावे, ही विनंती. शेवटचे तर शक्य तितक्या लवकर, कारण आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा तोंडावर आल्या आहेत.

आपला,
एक रंगभूषाकार वाचक, पुणे